'रिव्हील'च्या पोटातला पडदा

'रिव्हील' म्हणजे उघड करणे, एवढे आपण शाळेतच घोकले. पण या क्रियापदाच्या पोटात एक वस्त्र आहे. लॅटिनमध्ये 'वेलुम' म्हणजे आच्छादन. 'रेवेलारे' म्हणजे ते मागे सारणे. तेच फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. ख्रिस्ती वधूच्या मुखावरील 'व्हेल' त्याचेच भावंड. म्हणजे जे पडद्याआड आधीच आहे, तेच 'रिव्हील' करता येते. रचलेली गोष्ट नव्हे. वर्तमानपत्रे हा भेद विसरतात!

बायबलातील अखेरचा ग्रंथ 'रेव्हलेशन'. त्याच्या ग्रीक नावाचा, 'अपोकॅलिप्सिस'चा, अर्थही आवरण काढणे असाच. पण त्यातील संहाराची वर्णने इतकी गाजली की, आज इंग्रजीत 'अपॉकॅलिप्स' म्हणजे प्रलयच. शब्दावरच पडदा पडला म्हणायचा! विलायती गवंडी खिडकीच्या बाजूच्या भिंतीलाही 'रिव्हील' म्हणतो. तो मात्र 'खाली उतरवणे' या अर्थाच्या निराळ्याच फ्रेंच शब्दाचा वंशज.