यादीत राहून गेलेली नावं

कवितेचा माणूस आज संगणकाच्या प्रोग्रामविषयी बोलणार, याचं काहींना नवल वाटेल. पण नको असलेला शब्द शोधून काढणं हे आम्हा कवींचं रोजचंच काम, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाही ते चुकत नाही.

आज कुणी सगळा प्रोग्राम पहिल्या अक्षरापासून लिहीत बसत नाही. नोंदी ठेवणं, तारखा वाचणं अशा कामांसाठी इतरांनी लिहिलेल्या 'लायब्ररी' घेतात. जावा भाषेत काम करणारे बरेचजण 'मेव्हन' हे साधन वापरतात. हव्या त्या लायब्ररींची नावं एका फाइलीत लिहायची. मेव्हन त्या आणतं आणि त्यांना लागणाऱ्या दुसऱ्या लायब्ररीही आणतं. पाहुण्यांबरोबर त्यांचेही पाहुणे!

पुढे काम बदलतं, गरज संपते, पण यादीतलं नाव तसंच राहतं. राहिलं तर बिघडलं कुठं? 2021च्या डिसेंबरात 'लॉगफोरजे' या लायब्ररीतली गंभीर त्रुटी उघड झाली. ती आपल्याकडे कुठंकुठं आहे, हे शोधताना जगभर धावपळ उडाली. यादीत फापटपसारा असेल, तर अशा वेळी शोधही वाढतो आणि धोकाही.

मेव्हनला 'डिपेंडन्सी अॅनालाइज' ही आज्ञा दिली, की ते तयार झालेला बाइटकोड तपासून दोन याद्या देतं. एक, नाव आहे पण वापर दिसत नाही. दुसरी, वापर आहे पण नाव नाही. दुसरीतल्या लायब्ररी कुणाच्या तरी बोटाला धरून आलेल्या असतात. तो बोट धरणारा गेला, की त्याही जातात. म्हणून आधी त्यांची नावं लिहावीत, मग पहिल्या यादीला हात घालावा.

तिथंही सावध राहावं लागतं. काही लायब्ररी प्रोग्राम चालू असतानाच नावानं हाक मारून बोलावतात. डेटाबेसचा ड्रायव्हर हे नेहमीचं उदाहरण. बाइटकोडात तिचा मागमूस दिसत नाही. लायब्ररीतला नुसता एखादा स्थिर आकडा वापरला असेल, तर तो थेट प्रोग्राममध्येच उतरतो आणि लायब्ररी बिनकामाची वाटते.

तेव्हा यंत्रानं दिलेली यादी हा संशय समजावा, निकाल नव्हे. एकेक नाव काढावं, प्रोग्राम पुन्हा बांधावा, चाचण्या घ्याव्यात, प्रत्यक्ष चालवून पाहावा आणि मगच पुढच्या नावाकडे वळावं. मीही शब्द खोडल्यावर कविता मोठ्यानं वाचतो. कागदावर जादा वाटलेला शब्द कधीकधी सगळी ओळ तोलून धरत असतो.