मधमाशीचे रंग, फुलपाखराचा दृष्टिभ्रम

मधमाशीच्या संयुक्त नेत्रात, म्हणजे हजारो सूक्ष्म नेत्रिकांनी बनलेल्या डोळ्यात, रंगग्राही पेशी तीन प्रकारच्या असून त्या अनुक्रमे अतिनील, निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. त्यामुळे माणसाला सर्वत्र पिवळ्या दिसणाऱ्या सूर्यफुलाच्या पाकळ्या तिला दुरंगी भासतात, कारण त्यांची टोके अतिनील किरण परावर्तित करतात आणि बुडे ते शोषून घेतात. लाल रंग मात्र तिला जवळजवळ काळाच दिसतो. मधमाशी रंग ओळखते, केवळ उजेडाचा कमीअधिकपणा नव्हे, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९१४ च्या सुमारास करड्या छटांच्या अनेक कार्डांमध्ये एकच निळे कार्ड ठेवून सिद्ध केले. साधनांचा हा साधेपणा आजही थक्क करतो.

त्याहून विलक्षण बाब अशी, की कीटकांनाही दृष्टिभ्रम होतात. जपानमधील मिचियो किनोशिता आणि केंतारो आरिकावा यांनी ‘पॅपिलिओ झूथस’ या फुलपाखरावर केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की एकच रंगीत ठिपका पार्श्वभूमी बदलताच त्याला वेगळ्या रंगाचा भासतो. यालाच समकालिक रंगविरोध म्हणतात. मधमाश्यांनी तर १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, प्रत्यक्ष न काढलेल्या, केवळ भोवतालच्या आकृत्यांमुळे भासणाऱ्या कडांनाही खऱ्या कडांप्रमाणे प्रतिसाद दिला. दृष्टिभ्रम हा डोळ्याचा दोष नसून अपुऱ्या माहितीतून वस्तूची सीमा ठरवणाऱ्या मज्जासंस्थेचे ते कौशल्य असावे, या मताला अशा निरीक्षणांतून मोठे बळ मिळते.