चाकावरचं घर (लेखांक ७) : आधी काटा, मग पाटा

मागच्या आठवड्यात टायर आणि हवा झाली. आता चाकाच्या थोडं वर, पाट्यांकडे जाऊ. कोणी कमान म्हणतं, कोणी पाटा. गॅरेजात दोन्ही चालतं. आपल्याकडची कॅराव्हॅन बहुधा मागे जोडून ओढायची नसते. ट्रॅव्हलरसारख्या गाडीच्या किंवा छोट्या बसच्या चॅसीवर बांधलेलं ते घर असतं. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर अशा गाड्यांची चर्चा वाढली. त्यांचा मागचा भार बहुतेक वेळा पाट्यांवरच असतो.

पाट्यांची जोडणी जुनीच आहे. लंडनच्या ओबाडाया इलियटने घोडागाडीसाठी कमानीचं पेटंट घेतलं ते १८०४ मध्ये, आणि आपल्या टांग्यांच्या कमानीही त्याच गोत्रातल्या. पत्त्यांचा कॅट वाकवला की पानं एकमेकांवरून सरकतात, तसे गाडी दबली की पाटे एकमेकांवर घासत सरकतात. या घासण्यामुळे उसळी थोडी आवरते. नव्या गाड्यांतले मध्ये जाड आणि टोकांना पातळ असे पॅराबोलिक पाटे एकमेकांना फारसे घासत नाहीत. म्हणून तिथे शॉकॲब्सॉर्बर गेला की गाडी लगेच डोलायला लागते, आणि दोष मात्र पाट्यांच्या माथी येतो.

ट्रक भरून जातो आणि कधीतरी रिकामा परततो. उसाच्या ट्रॉलीचंही तेच, कारखान्याहून येताना तिचे पाटे मोकळे होतात. कॅराव्हॅन मात्र कधीच रिकामी होत नाही. पलंग, ओटा, फ्रीज, बॅटऱ्या, छतावरचा एसी असं सगळं तिच्या अंगावर कायम असतं. अगदी सहा महिने छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत उभी राहिली तरी पाटे दबलेलेच. भर पडते ती आपल्या सवयींची. नाथसागर जलाशय जवळ असूनही या शहरात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे टाकी दिसली की भरून ठेवायची ही वृत्ती आपल्या हाडात मुरली आहे. तीच वृत्ती गाडीतही येते. दोनशे लिटरची टाकी काठोकाठ भरली म्हणजे दोनशे किलो, आणि टाकी एका बाजूला बसवलेली असेल तर जास्त बोजा त्याच बाजूच्या पाट्यांवर. त्यात घरगुती सिलिंडर धरा. आतला गॅस १४.२ किलो, वरून लोखंडी टाकीचं जवळपास तेवढंच वजन.

मग गाडी एका अंगाने बसते. मालक गॅरेजात जातो, मिस्त्री वाकून बघतो आणि म्हणतो, "साहेब, एक पाटा वाढवून टाकू." या एका वाक्याने बऱ्याच गाड्यांचं वाटोळं केलं आहे. पाटा वाढवला की गाडी उंच दिसते, पण ॲक्सल, ब्रेक, टायर आणि चॅसीची क्षमता होती तेवढीच राहते. जो धक्का पाट्याने गिळायचा तो आता पाटा चॅसीला धरणाऱ्या हँगरच्या रिव्हेटांवर आणि आतल्या फर्निचरच्या सांध्यांवर जातो. पाटा वाढवणं कायम चूक असतं असं नाही, पण वजन न करता तो वाढवणं ही चूकच.

म्हणून आधी काटा. चिकलठाणा एमआयडीसीकडे किंवा जाधववाडीच्या मार्केट यार्डाकडे जाताना गाडी वजनकाट्यावर घ्या. प्रवासाला निघताना असते तशीच, पाण्यासकट आणि सामानासकट. एकदा पूर्ण गाडीचं वजन करा, एकदा फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. आलेले आकडे कंपनीने दिलेल्या एकूण आणि ॲक्सलच्या मर्यादेशी ताडून बघा. आकडा वर गेला असेल तर सामान उतरवा. त्यावर गॅरेजात इलाज नाही.

वजन मर्यादेत असूनही गाडी झुकत असेल तर सपाट जागा शोधा आणि टेप घ्या. पुंडलिकनगरच्या उतारांवर आणि स्पीडब्रेकरांच्या गर्दीत हे जमणार नाही, एखादं मैदान बघा. रिमच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायरच्या हवेचा फरक मध्ये येतो. इंचभर तफावत दिसली तर पाण्याची टाकी रिकामी करून पुन्हा मोजा. तफावत गेली तर टाकीची जागा बदलायची आहे. राहिली तर पाट्याची कमान उतरली आहे किंवा पाटा तुटला आहे.

तुटलेला पाटा लगेच दिसेलच असं नाही. चिखल खरवडून, कडांवर टॉर्च आडवा धरून पाहावं लागतं. तडा बहुधा सेंटर बोल्टच्या भोकापाशी किंवा गंजाच्या खड्ड्यातून सुरू होतो. तुकडा हातात आला तर नीट न्याहाळा. एका कोपऱ्यात तपकिरी, गुळगुळीत अर्धचंद्र दिसेल आणि उरलेला भाग चमकदार, खरखरीत. तपकिरी भाग म्हणजे जुना तडा, तो कित्येक दिवस हळूहळू पुढे सरकत होता. चमकदार भाग शेवटच्या धक्क्यात तुटला. म्हणजे ज्या खड्ड्याला आपण शिव्या घातल्या, त्याने फक्त शेवटचं काम केलं.

तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करू नका. हे पोलाद तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताने तापवून तयार केलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने तो सगळा गुण जातो आणि पाटा शेजारीच पुन्हा तुटतो. हातोड्याने ठोकून पुन्हा कमान दिलेल्या पाट्यांवरही माझा विश्वास नाही. ती कमान टिकत नाही आणि ठोक्यांच्या खुणांतून नवे तडे निघतात. बदलायचे तर दोन्ही बाजूंचे संच एकदमच बदला.

पाट्यांपेक्षा माझं जास्त लक्ष असतं यू-बोल्टांवर. पाट्यांचा गठ्ठा ॲक्सलवर आवळून धरणारे हेच. ते सैल झाले की गठ्ठा हलतो, सगळा ताण मधल्या सेंटर बोल्टवर येतो आणि एक दिवस तो कापला जातो. मग ॲक्सल जागेवरून सरकतो आणि गाडी सरळ रस्त्यावर तिरकी चालते. मागून येणाऱ्याला ते आधी दिसतं. यू-बोल्टच्या बुडाशी लालसर भुकटी दिसली की समजा, तिथे घासाघीस चालू आहे. शंका आली तर स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांतलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. नट आवळताना गाडीचं वजन चाकांवर हवं, नट आळीपाळीने तिरपे घ्यायचे आणि कंपनीने दिलेल्या मापाएवढेच आवळायचे. पाटे खोलले असतील तर यू-बोल्ट नवेच घाला आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या. शेवटची गोष्ट हमखास राहून जाते.

आवाजांचं थोडक्यात. हळू चालताना कर्रकर्र येत असेल तर पाट्यांमधला गंज. स्पीडब्रेकरवर खडखड येत असेल तर शॅकलची पिन किंवा झिजलेला बुश. पहार घालून हलवून पाहिलं की कळतं. ग्रीसची निप्पल असेल तर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर ग्रीस भराच. सर्व्हिसिंगला जळकं ऑइल फवारण्याची आपल्याकडे फार हौस आहे. आवाज चार दिवस थांबतो, पण तेलाला धूळ चिकटते आणि रबरी बुश फुगून खराब होतो. रबराला तेल लागू देऊ नका.

मराठवाड्याच्या काळ्या मातीचं एक वेगळंच दुखणं आहे. ती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, त्यामुळे वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. खड्डा दिसतो, लाट दिसत नाही. अशा रस्त्यावर वेग ठेवला की पाटे पूर्ण दबून पूर्ण उसळतात आणि दर किलोमीटरला हे अनेकदा होतं. शहरापासून वेरूळ तीसेक किलोमीटरवर, अजिंठा शंभरेक. अजिंठ्याला जाणार असाल तर आदल्या दिवशी गाडीखाली एकदा डोकवा, आणि टाकी अर्धीच भरा. वाटेत सिल्लोडला पाणी मिळतं.

वजनाची पावती गाडीच्या कागदांत ठेवा. पुढच्या आठवड्यात ब्रेकचा हिशेब करायचा आहे, तेव्हा तोच आकडा लागेल.