आंबा आढीतच पिकू द्या!

अक्षय तृतीया जवळ आली की बाजारात पिवळ्याधमक आंब्यांचे ढीग लागतात. हौसेने डझनभर घरी आणावेत, तर आतून आंबट आणि बेचव! साल पिकलेली आणि गर कच्चा, असे का होते?

फळ पिकते ते इथिलीन नावाच्या वायूमुळे. १९३४ साली इंग्लंडमध्ये गेन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, पिकणारे सफरचंद हा वायू स्वतःच तयार करते. आंब्याचेही तसेच आहे. आढीतल्या गवतात ऊब आणि हा वायू दोन्ही कोंडून राहतात. म्हणून तिथे आंबा आतून-बाहेरून सारखा पिकतो. जुन्या माणसांची ही रीत शास्त्राला धरूनच आहे.

घाईचा धंदा मात्र कॅल्शियम कार्बाईड वापरतो. ओलावा लागताच या पुडीतून अॅसिटिलीन वायू निघतो. त्याने सालीचा रंग लवकर पालटतो, पण कोवळ्या फळात गोडी येत नाही. शिवाय या पुडीत आर्सेनिक व फॉस्फरसचे विषारी अंश असतात. त्यामुळे घशात जळजळ, उलट्या, चक्कर, अशक्तपणा असे त्रास होऊ शकतात. फळे पिकवण्यासाठी कार्बाईड वापरण्यास २०११ च्या अन्न सुरक्षा नियमांनुसार बंदी आहे. व्यापाऱ्यांना सुरक्षित मार्गही खुला आहे. २०१६ पासून हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत इथिलीन वायू वापरण्यास परवानगी आहे.

मग आपण काय करावे?

१. नुसत्या रंगाला भुलू नका. देठाजवळ वास घेऊन पाहा.

२. शक्यतो तयार झालेला कच्चा आंबा आणा आणि घरीच गवतात पिकवा. आढी रोज पाहा, नासके फळ लगेच काढा.

३. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने तो नीट पिकत नाही. पिकल्यावर ठेवण्यास हरकत नाही.

४. खाण्यापूर्वी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. सालीसकट चोखण्यापेक्षा कापून खाल्लेला बरा.

५. पेटीत राखाडी पुडीच्या पुड्या दिसल्या तर ती फळे घेऊ नका. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

हापूसच्या गरात कधी पांढरट, स्पंजासारखा भाग निघतो. तो ‘साका’ होय. हा फळातलाच दोष आहे, त्याचा कार्बाईडशी संबंध नाही.

चार दिवस थांबा. घरभर सुटलेला आंब्याचा वासच सांगेल, आता कापायला हरकत नाही!