पेटीतली मोडी आणि तबकडीतली मराठी

आमच्या धारवाडच्या घरी माळ्यावर एक सागवानी पेटी आहे. परशुरामभाऊ पटवर्धनांनी १७९०-९१ साली धारवाडच्या किल्ल्याला वेढा घातला, त्या धामधुमीच्या मागोमाग आमचे पूर्वज या बाजूला आले, असे घरात सांगत आले आहेत. पेटीत त्यांच्यानंतरच्या पिढ्यांची मोडी दप्तरे आहेत. जमाखर्च, गहाणखते, एका लग्नातील आहेराची यादी. कागद पिवळे पडले, कडा झिजल्या. पण मोडी जाणणारा मनुष्य समोर बसला की ते अजूनही बोलू लागतात.

त्याच पेटीत माझ्या वडिलांनी लिहिलेल्या कुलवृत्तांताची एक तबकडी आहे. १९९९ साली त्यांनी तो संगणकावर जुळवून घेतला, दोनशे प्रती छापल्या आणि नातेवाइकांत वाटल्या. तबकडी पेटीत ठेवताना ते मला म्हणाले होते, "कागद वाळवी खाईल, हिला काही होणार नाही." वडील गेले. आमच्याकडे उरलेल्या एकुलत्या एका प्रतीची शेवटची सोळा पाने खरोखरच वाळवीने खाल्ली. नेमकी तीच पाने, ज्यांत वडिलांनी घराण्याच्या लेकीसुनांची नावे आणि त्यांची माहेर-सासरची गावे मोठ्या कष्टाने जमवली होती. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी तबकडी काढली. ती संगणकात सुरू झाली, लेखही उघडला. पण पडद्यावर जे उमटले ते मराठी नव्हते. रोमन अक्षरे, चौकोन आणि विरामचिन्हे यांची ती निव्वळ भेळ होती. दीडशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद वाचता येतो, आणि पंचवीस वर्षांपूर्वीची बाळबोध मराठी वाचता येत नाही, हे पाहून मी सुन्न झालो.

हे असे का व्हावे? संगणक अक्षर ओळखत नाही, तो क्रमांक ओळखतो. त्या काळी मराठी टंक विकणाऱ्यांनी रोमन अक्षरांसाठी ठरलेल्या क्रमांकांवर आपापल्या सोयीने देवनागरीचे तुकडे बसवले होते. एकाचा 'क' तो दुसऱ्याचा काना. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण १९९१ मध्ये ठरले होते, युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. परंतु छपाईच्या व्यवहारात पुढेही अनेक वर्षे ज्याचा टंक त्याचीच किल्ली, असा रिवाज राहिला. किल्ली करणारा धंदा आवरून निघून गेला, की कुलूप आपल्या घरात, आतला ऐवज आपला, आणि आपण मात्र दाराबाहेर!

सुट्टीत भेटायला आलेल्या एका माजी विद्यार्थ्याजवळ मी हे गाऱ्हाणे मांडले. तो आता संगणक अभियंता आहे. तो कन्नडात म्हणाला, "सर, वाचता येणारी पाने आहेत ना? मग किल्ली आपणच करू." छापील पान आणि पडद्यावरची भेळ शेजारी शेजारी ठेवून आम्ही दोन आठवडे तक्ता केला, कोणत्या चिन्हाचा अर्थ कोणते अक्षर. जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते; रफाराचे याच्या उलट. अशा गाठी त्याने एक छोटी आज्ञावली लिहून सोडवल्या. हे सर्व त्याने ज्या संगणकावर केले, त्याचा पडदा मला अनोळखी वाटला. विचारले, तेव्हा समजले की ती लिनक्स प्रणाली होय.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी मुलेबाळे या प्रणालीवर काम करीत असतील. माझ्यासारख्या मराठीच्या माणसाला तिची ओळख उतारवयात झाली. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली कोणत्याही कामासाठी वापरावी, ती कशी चालते ते उघडून पाहावे, तिची प्रत शेजाऱ्याला द्यावी आणि सुधारलेली प्रतही वाटावी, या चार मोकळिकी प्रत्येकाला असाव्यात, हा त्यांचा आग्रह. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढे तो त्याच मोकळ्या परवान्याखाली सर्वांना दिला. आपल्या या गाण्याच्या मुलखात हे समजावणे सोपे आहे. एके काळी घराण्याची चीज शिष्याखेरीज कोणाच्या कानी पडू देत नसत. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी शेकडो चिजा मिळवून स्वरलिपीसह छापल्या आणि त्या सर्वांच्या झाल्या. अर्थात केवळ पुस्तकावरून कोणी गवई होत नाही. गंगूबाई हनगलांना हुबळीहून कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे जावेच लागले. मुक्त प्रणालीतही संहिता खुली असली, तरी शिकवणारा माणूस लागतोच.

तो मला विद्यार्थ्याच्या रूपाने लाभला, म्हणून मी धाडस केले. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ ला लागणारी यंत्रसामग्री अनेक जुन्या संगणकांत नाही. आमच्या शाळेतले संगणकही त्यांतलेच. त्यांतल्या दोहोंवर आम्ही लिनक्स बसवले.

येथे पहिला पेच पडतो तो निवडीचा. विंडोजमध्ये पडद्याची मांडणी एकच. येथे पाहावे तितक्या. १९९६ मध्ये सुरू झालेली केडीई ही भरल्या वाड्यासारखी आहे. जे हवे ते आहे, पण कोणत्या खणात, ते शोधावे लागते. १९९७ ची नोम ही झाडून लख्ख केलेल्या खोलीसारखी. नव्या माणसाला प्रसन्न वाटते, पण जुन्या सवयीचा मनुष्य 'माझी खुंटी कोठे गेली' म्हणून चाचपडतो. एक्सएफसीई साधी, थोड्या स्मरणशक्तीत भागवणारी. जुन्या संगणकांसाठी आम्ही तीच पत्करली, आणि माझे मत विचाराल तर शाळेला तीच शोभते. मुलांना मांडणीचे कौतुक दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्यांना चित्र काढायचे असते.

या मंडळींत भाऊबंदकीही भरपूर. २०११ मध्ये नोमने आपले रूप समूळ पालटले, तेव्हा रुसलेल्यांनी जुने रूप 'माटे' या नावाने चालू ठेवले आणि दुसऱ्यांनी 'सिनॅमन' ही तिसरी चूल मांडली. बाहेरून पाहणाऱ्याला हा शक्तीचा अपव्यय वाटतो, आणि काही अंशी तो आहेही. पण आपल्या वाटण्यांत आणि या वाटणीत एक अंतर आहे. येथे वेगळा होणारा भाऊ सबंध वाडा घेऊन जातो, आणि मागे राहिलेल्याचा वाडाही सबंधच राहतो!

नेहमीच्या कामांपुरते पर्याय चांगले आहेत. पत्रे, तक्ते, निकालपत्रके यांसाठी २०१० मध्ये सुरू झालेले लिब्रे ऑफिस, चित्रांसाठी गिंप, पुस्तकजुळणीसाठी स्क्रायबस, लहान मुलांसाठी जीकाँप्रि. लिब्रे ऑफिसची लेख साठवण्याची पद्धत २००६ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. तिचे नियम प्रसिद्ध असल्याने तिची किल्ली कोण्या एकाच्या कनवटीला नाही. तबकडीने पोळल्यावर माझ्या लेखी हा गुण सर्वांत मोठा.

अडचणी झाकून ठेवणे शिक्षकाला शोभत नाही. आमचा एक छापयंत्र तीन दिवस रुसून बसला. दुसऱ्या कार्यालयातून आलेले पत्रक उघडले की रकाने सरकतात. दुरुस्तीच्या दुकानात "लिनक्स" म्हटले की माणूस हात झटकतो. जर्मनीतील म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरवले. उलटपक्षी केरळने २००१ मध्ये सुरू केलेल्या शालेय संगणक-शिक्षणाच्या उपक्रमात पुढे मुक्त प्रणाली स्वीकारली आणि ती टिकवून धरली. त्यांनी मलयाळम भाषेची सोय आधी पाहिली आणि शिक्षकांना शिकवले. माझ्या मते केरळच्या यशाचे बीज येथेच आहे. यंत्र फुकट मिळाले म्हणून विद्या येत नाही.

आता आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या घरांना दोन भाषा सांभाळाव्या लागतात. माझी नात शाळेत कन्नड लिहिते आणि आजीला मराठीत पत्र लिहू पाहते. भारतीय लिप्यांसाठी ठरलेल्या 'इन्स्क्रिप्ट' कळफलकात ज्या कळीवर 'क' त्याच कळीवर 'ಕ'; एका लिपीत हात बसला की दुसरी लिपी निम्मी आलीच. ही सोय विंडोजवरही आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मुक्त प्रणालीचा विशेष निराळाच आहे. तिच्यात मराठी कोठे कमी पडत असेल, तर ते दुरुस्त करण्याचा अधिकार आपल्याला आहे. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हिंदीहून वेगळा. मुक्त टंकांपैकी काहींत मराठीसाठी ते वळण आपोआप येते. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्ता' किंवा मुंबईच्या आयआयटीची 'शोभिका' असे सुबक टंक कोणीही विनामूल्य घ्यावेत, वाटावेत. नोम, लिब्रे ऑफिस, फायरफॉक्स यांची मराठी रूपे एकेक वाक्य घेऊन घडवलेली आहेत, आणि त्यांत स्वयंसेवकांचाही वाटा आहे.

पण त्या मराठीत मधेच इंग्रजी वाक्य डोकावते, आणि काही शब्द असे की मराठीत एम. ए. केलेल्या मलाही ते दोनदा वाचावे लागतात. पूर्वी मी चिडलो असतो. आता चिडण्याचा अधिकार मला राहिला नाही, कारण दार उघडे आहे आणि आत गेलो नाही तो मीच. बाजारपेठ आपल्यासारख्या विखुरलेल्या घरांची गणती करील, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. आपल्यातील निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, ज्यांना शब्दांची गोडी आहे आणि दुपारचा वेळ जात नाही असे सर्वजण, यांनी रोज चार वाक्ये मराठीत आणली, तरी काम पुढे सरकेल. मी संक्रांतीपासून आरंभ केला आहे. विद्यार्थी चुका दाखवतो. गुरूचा शिष्य झालो, याचे दुःख नाही.

वडिलांची सोळा पाने आता वाचता येतात. त्यांत माझ्या पणजीचे माहेरचे नाव सापडले, जे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. सौ.नी ते देवघरातल्या वहीत लिहून ठेवले. मी ते खुल्या प्रमाणाच्या धारिकेत ठेवले, तीन ठिकाणी. आणि वडिलांची शंका मनात राहिली म्हणून, चांगल्या कागदावर छापूनही, पेटीत मोडी दप्तराशेजारी ठेवले आहे.