गाडीतल्या नऊजणी

२७ जुलै २०१९च्या पहाटे मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी होती. उल्हास नदी रुळांवर आली होती. रात्रभर अडकून पडलेल्या प्रवाशांना एनडीआरएफच्या जवानांनी, नौदलाने आणि आजूबाजूच्या गावकऱ्यांनी दुपारपर्यंत बाहेर काढलं. मोजदाद झाली तेव्हा माणसं भरली सुमारे १०५०, आणि त्यांत गरोदर बायका ९. वाहिन्यांनी हा नऊचा आकडा दिवसभर लावून धरला. ऐकणाऱ्यालाही तेच वाटलं : बापरे, एका गाडीत नऊ!

खरं म्हणजे नऊ थोड्या कमीच होत्या.

हिशेब करून बघा. महाराष्ट्रात त्या सुमारास दर हजार माणसांमागे वर्षाला १५ बाळं जन्मत होती. गरोदरपण नऊ महिन्यांचं, म्हणजे पाऊण वर्षाचं. १५ची पाऊणपट सव्वाअकरा. कुठलीही हजार माणसं कुठल्याही दिवशी एकत्र करा, त्यांत अकराएक जणी पोटुशा असायला हव्यात. १०५०मध्ये बारा. दिवस भरत आलेली बाई लांबच्या प्रवासाला निघत नाही आणि दुसऱ्या महिन्यातली कुणाला सांगत नाही, हे धरलं की नऊ अगदी हिशेबात बसतात. एकमेकांना न ओळखणारी माणसं आपापल्या कामाला निघाली, कुणी बर्थ मिळवला, कुणी दाराशी पथारी टाकली, आणि सगळ्यांनी मिळून राज्याचा जन्मदर त्या डब्यांत भरून नेला! त्यांना एकत्र कुणी आणलं नव्हतं. मला या गोष्टीचं अजून नवल वाटतं.

माता आणि बाल आरोग्याचे सगळे सरकारी कार्यक्रम या हिशेबावर उभे आहेत. खेड्यात साधारण हजार वस्तीमागे एक आशा सेविका असते. म्हणजे महालक्ष्मीची ती एक गाडी म्हणजे एका आशाताईचा कार्यभार. शहरी वस्त्यांत २०१३पासून दोनशे ते पाचशे घरांमागे एक, असं धोरण आहे.

आता हाच हिशेब नदीकाठच्या तीन शहरांना लावू. २०११च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या होती ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ आणि कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६. बदलापूर त्यानंतर किती फुगलंय ते सकाळच्या लोकलला चढणाऱ्याला विचारावं, पण आपण जुनाच आकडा धरू. बेरीज सव्वानऊ लाखांच्या वर. हजारी १५ने वर्षाला १४ हजार बाळं, दिवसाला ३८. या घटकेला पोटुशा असलेल्या बायका साडेदहा हजार. आरोग्य खातं त्याच्यापुढे एक पाऊल जातं : काही गर्भ पडतील म्हणून अपेक्षित मातांच्या संख्येत दहा टक्के आधीच मिळवून ठेवतं. अजून दिवस न गेलेल्या बायकांसाठी लोहाच्या गोळ्या आणि धनुर्वाताची इंजेक्शनं मागवलेली असतात.

अडचण पुढे येते. शंभर गरोदर बायकांपैकी पंधराएक जणींना काहीतरी गंभीर गुंतागुंत होते, हा जगभरचा अनुभव. साडेदहा हजारांत दीड हजारावर. कोणत्या, ते आधी कुणालाच सांगता येत नाही. खाऊनपिऊन सुखी असलेल्या, दोन बाळंतपणं सुरळीत झालेल्या बाईचा रक्तदाब आठव्या महिन्यात अचानक भडकू शकतो. संख्या कागदावर पक्की, नाव मात्र कोरं. म्हणून नावं शोधत दारोदार फिरायचं आणि प्रत्येकीला तपासायचं, यापलीकडे उपाय नाही.

आशाताईचा पहिला प्रश्न, "पाळी कधी आली होती शेवटची?" तारीख सांगणाऱ्या थोड्या. बदलापूरच्या डोंगराकडच्या पाड्यावर उत्तर येतं, "होळीच्या पुढंमागं." फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी लष्कराच्या बराकींत वसवलेल्या उल्हासनगरात, कॅम्पातल्या एखाद्या सिंधी घरी चेटीचंडचा दाखला मिळतो. आशाताई पंचांग-कॅलेंडर काढून तारीख बसवते, तीत नऊ महिने सात दिवस मिळवते आणि माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिते. त्या नेमक्या तारखेला बाळंत होणाऱ्या शंभरात चार-पाचच. तरी तीन शहरांत मिळून दिवसाला अडतीसाचा मेळ बराचसा जमतो.

२०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. महिने नऊ, म्हणून तारीख नऊ. रक्तदाब, वजन, लघवी, हिमोग्लोबिन. आणि शेवटी कार्डावर चिकटी. धोका नसेल तर हिरवी, असेल तर लाल. लाल चिकटी मिळाली की बाळंतपण कुठे करायचं ते आधीच ठरतं. अंबरनाथचं छाया रुग्णालय, बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय की उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, हा निर्णय ऐन कळांत रिक्षात बसून घ्यायची वेळ येऊ नये म्हणून.

यातल्या हिमोग्लोबिनपाशी जरा थांबू. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त वाहत असतं. बाळ बाहेर येतं, वार सुटते, आणि जिथून ती सुटली तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी राहतात. नळ चालूच राहिला तर दहा-बारा मिनिटांत सगळं संपेल. तो बंद होतो कसा? गर्भाशयाच्या भिंतीतले स्नायू बाजेच्या नवारीसारखे आडवेतिडवे विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्यांच्या फटींतून जातात. स्नायू आवळले की प्रत्येक वाहिनी जागच्या जागी चिमटली जाते. टाका नाही, पट्टी नाही. पोटावर हात ठेवला तर बेंबीखाली गर्भाशयाचा घट्ट गोळा लागतो. सिस्टर तोच चाचपून बघत असतात. गोळा मऊ लागला तर धावपळ. ही मूठ नीट वळावी म्हणून बाळ जन्मल्यापासून मिनिटभरात ऑक्सिटोसिनची १० युनिटं टोचतात. औषध स्वस्त, पण ते थंडच ठेवावं लागतं. दवाखान्यातला फ्रिज चालू आहे की बंद, यावर एक जीव टांगलेला असू शकतो.

तरीही थोडं रक्त जातंच. अर्धा लिटर गेलं तर हिमोग्लोबिन १२ असलेली बाई थकते. ६ असलेलीच्या हृदयाला ते झेपेलच असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याच्या आसपास गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. सहा महिने रोज एक लोहाची गोळी घ्या म्हणून आशाताई मागे लागते ती यासाठी. गोळीनं मळमळतं, शौचाला काळी होते, आणि "मूल काळं होईल" म्हणून सासू गोळ्या कपाटात ठेवून देते. माझ्या मते सगळ्या योजनेतली अवघड लढाई या कपाटापाशी आहे. पैसे आणि गाडीचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला : २००५ची जननी सुरक्षा योजना, २०११पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत.

२००४-०६मध्ये महाराष्ट्रात दर लाख जन्मांमागे १३० माता दगावत, २०१८-२०मध्ये ३३. त्याचं श्रेय एकट्या योजनांना देणं बरोबर नाही. रस्ते झाले, मुली शिकल्या, मुलं कमी झाली. पण राज्याची सरासरी आपल्या १४ हजार बाळंतपणांना लावली तर वर्षाला १८ मृत्यूंच्या जागी चार-पाच येतात. तेरा-चौदा बायका वाचल्या. कुठल्या, ते त्यांनाही माहीत नाही.

या सगळ्या हिशेबाला सुरुंग लावते ती आपली रीत : पहिलं बाळंतपण माहेरी. नोंद बदलापुरात, तपासण्या बदलापुरात, आणि सातव्या महिन्यात बाई ओटी भरून कोल्हापूरच्या गाडीत. इथल्या यादीतलं नाव गळतं, तिथल्या आशाताईला पत्ता नसतो. म्हणून प्रत्येकीला एक नंबर देऊन संगणकावर माग ठेवायची सोय झाली. नंबर कार्डावर असतो आणि कार्ड बरेचदा सासरच्या फडताळात, पण ते जाऊ दे.

माहेरची हीच ओढ सरकारनं गडचिरोलीकडे कामाला लावली. त्या जिल्ह्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. गाडी पोचायचा प्रश्नच नाही. मग ज्यांच्या तारखा पावसाळ्यात पडतात त्यांना आधीच आरोग्य केंद्राशेजारच्या खोलीत आणून ठेवतात. सोबत घरचं माणूस, पोराबाळांसह, जेवण सरकारचं. योजनेचं नाव माहेरघर.