मध्येच वीज गेली तर ‘लिबरऑफिस’चे काय?

रत्नागिरीत पावसाळ्यात वीज कधी जाईल, याचा नेम नसतो. ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’नुसार स्वतः उभारलेल्या प्रणालीवर मात्र ‘लिबरऑफिस’ सोर्स कोडपासून कंपाइल करायला कित्येक तास लागू शकतात. २०१० मध्ये ‘ओपनऑफिस’पासून वेगळे झालेले हे पॅकेज आहेच अवाढव्य.

मग वीज गेली तर? ‘मेक’ प्रोग्रॅम फाइलींच्या वेळा तपासतो, तयार भाग सोडून उरलेले काम पुढे नेतो. अर्धवट राहिलेली फाइल तेवढी पुसावी लागते.

खरी मेख भाषेची. कॉन्फिगर करताना भाषा सांगितली नाही, तर मेनू फक्त इंग्रजीत येतात. मराठीसाठी ‘एमआर’ ही दोन अक्षरे सुरुवातीलाच लिहायची. भाषांतरांची फाइल वेगळी असते; तीही वीज असतानाच डाउनलोड केलेली बरी.